माथ्यावरचे आकाश आणि द्विनेत्रीचा आधार

मार्चमध्ये रात्री नऊच्या सुमारास पुण्या-मुंबईत पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ जवळजवळ नेमका माथ्यावर येतो. खमध्यापासून त्याचे अंतर पुण्यात साधारण एक अंश, मुंबईत त्याहूनही कमी. रोहिणी पुण्याच्या खमध्यापासून दोन अंशांवरून जाते, कृत्तिका साडेपाच अंशांवरून, आणि स्वाती तर मुंबईच्या अगदी डोक्यावरून. अरुंधती केशातला विखुरलेला गुच्छ, ऑक्टोबरात अंधार पडताच दिसणारा जंबुकातला कोट हँगरच्या आकाराचा ताऱ्यांचा गट, हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ हा जोडतारा, हे सगळे खमध्याच्या दहा अंशांच्या आत. द्विनेत्रीने, म्हणजे आपल्या बायनॉक्युलरने, पाहण्यासारखे जे उत्तम आहे त्याचा मोठा वाटा महाराष्ट्राच्या आकाशात असा डोक्यावरून जातो.

हे सुदैवच. माथ्यावर हवेचा थर सर्वांत पातळ, धूळ सर्वांत कमी, शहराच्या उजेडाचा त्रासही तिथेच कमी. पण स्टँडबद्दलचे जे सल्ले आपण पुस्तकांत वाचतो, ते बहुतेक उत्तरेकडच्या देशांत लिहिलेले असतात. लंडनमध्ये पुष्याचा गुच्छ ५८ अंशांपेक्षा वर कधीच चढत नाही. कृत्तिका ६३ अंशांच्या आसपास पोचून उतरू लागतात. तिथे उंच ट्रायपॉडमागे उभे राहून हे दोन्ही गुच्छ बरे पाहता येतात. आपल्याकडे त्याच ट्रायपॉडवर कृत्तिका पाहायच्या तर पायांच्या मध्ये घुसून, गुडघे दुमडून, मान मोडेपर्यंत मागे करावी लागते. म्हणून स्टँड निवडताना पहिला प्रश्न मी असा विचारतो: डोक्यावरचा तारा पाहताना माझी मान, पाठ आणि कोपरे कुठे असतील? दुर्बीण कशावर बसेल, हे त्यानंतर.

आधार मुळात हवाच कशाला, हेही पाहून घेऊ. दहा पटींची द्विनेत्री आकाशातली अंतरे दहा पटींनी वाढवते, आणि हाताची थरथरही दहा पटींनी. अल्बिरिओच्या दोन ताऱ्यांत सुमारे ३४ विकलांचे अंतर आहे. दहा पटींत ते ३४० विकला, म्हणजे जवळजवळ सहा कला होते. एवढे अंतर निरोगी डोळ्याला वेगळे दिसायला हवे. तरीही १०×५० हातात धरली की बहुतेकांना एकच नाचणारा ठिपका दिसतो. तीच द्विनेत्री कुठेतरी टेकवली की सोनेरी तारा आणि त्याला खेटून निळसर तारा, असे दोन सुटे होतात. गुरूचे चंद्रही असेच: हातात धरून पाहिले तर ग्रहाच्या झगमगाटात ओढल्यासारख्या रेघा, टेकवून पाहिले तर ओळीत मांडलेले बिंदू.

मंद ताऱ्यांचे नुकसान तर त्याहून मोठे आणि न कळणारे. डोळ्याच्या पडद्यावर एकाच जागी थोडा वेळ प्रकाश पडत राहिला तर मेंदूला तो तारा जाणवतो. थरथरीत ही जागा सतत बदलते, म्हणून प्रकाश पुरेसा असूनही तारा दिसत नाही. अधिक मोठ्या भिंगांवर पैसे घालण्याआधी आहे ती द्विनेत्री स्थिर करावी असे मी आग्रहाने सांगतो, ते यासाठीच. फरक पहिल्याच रात्री दिसतो.

आणि थरथर थकव्यातून वाढत जाते. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. ते मागे टाकून, दोन्ही हात वर उचलून, त्यांत किलोभर वजन धरून आपण उभे राहतो. दोनेक मिनिटांत खांदे भरून येतात, मान आखडते, श्वासागणिक तारे वर-खाली होऊ लागतात. ज्यांना मानेच्या स्पाँडिलायटिसचा त्रास आहे त्यांना भोवळही येऊ शकते. मग माणूस ‘दिसले’ म्हणून द्विनेत्री खाली ठेवतो. खरे पाहणे तर तिथून पुढे सुरू होत असते, कारण गुच्छाच्या कडेचे बारीक तारे सावकाशच उमटतात.

किती वेळ पाहू शकता यावर किती अवलंबून असते, हे जॉर्ज ऑल्कॉक या इंग्लिश शिक्षकाने दाखवले. पीटरबरोजवळच्या एका खेड्यात राहून त्यांनी पाच धूमकेतू आणि पाच नवतारे शोधले, तेही कोणत्याही वेधशाळेविना, द्विनेत्रीच्या बळावर. सुमारे ३०,००० ताऱ्यांची मांडणी त्यांना पाठ होती असे सांगतात. एखादा ठिपका जास्तीचा दिसला की तो लगेच खुपत असे. शेवटचा धूमकेतू १९८३ च्या मे महिन्यात सापडला तेव्हा ते सत्तरीत होते, आणि घराबाहेरसुद्धा नव्हते. बंद खिडकीच्या दुहेरी काचेतून १५×८० द्विनेत्रीने ते आकाश न्याहाळत होते. आयरास-अराकी-ऑल्कॉक या नावाने ओळखला जाणारा तो धूमकेतू काही दिवसांतच पृथ्वीपासून सुमारे ४७ लाख किलोमीटरवरून गेला. काचेतून पाहू नये हा नियम प्रत्येक पुस्तकात असतो आणि तो बरोबरही आहे. पण उबेत, निवांत, रात्रीमागून रात्र पाहत राहण्याचे मोल त्या नियमापेक्षा मोठे ठरू शकते.

आता शरीर ठेवण्याकडे वळू. सर्वांत स्वस्त आणि आपल्या आकाशाला सर्वांत साजेशी जागा म्हणजे बाज. नवारीची किंवा सुंभाची बाज गच्चीवर टाकून उताणे पडले की नजर आपोआप खमध्याकडे जाते. मानेला काहीच करावे लागत नाही. जमिनीवर सतरंजी टाकूनही चालते, पण थंडीत दव पडते, फरशी गारठते, आणि कोकणातल्या कातळावर किंवा माळरानावर विंचू-किड्यांची धास्ती राहते. बाजेवर ही कटकट नाही. डोक्याखाली उशी आणि दोन्ही कोपरांखाली एकेक लोड घ्यावा. लोडामुळे हाताचे वजन खांद्यावर येत नाही. मनगटे फक्त दिशा देतात. उताणे पडून पाहताना एक किलोपर्यंतची द्विनेत्री भुवयांच्या हाडावर हलकी टेकवता येते, आणि तेवढ्याने थरथर अर्ध्याहून कमी झाल्यासारखी वाटते.

बाजेची मर्यादा अशी की ती खमध्याच्या आसपासचेच आकाश देते. साठ अंशांच्या खाली पाहायचे तर उठून बसावे लागते. तिथे आरामखुर्ची कामाला येते. आपल्या जुन्या घरांतली कापडी पाठीची, रुंद लाकडी हातांची आरामखुर्ची या कामासाठीच बनवली असावी असे वाटण्याइतकी योग्य आहे. तिची पाठ दोन-तीन खाचांत कमी-जास्त कलते, हात रुंद असल्यामुळे कोपरे टेकतात, आणि डोके कापडात विसावते. हल्ली मिळणाऱ्या नळीच्या घडीच्या खुर्च्या अधिक मागे जातात आणि नेण्या-आणण्याला हलक्या असतात. पण त्यांचे हात बरेचदा फार खाली असतात. खुर्ची घेताना दुकानातच मागे रेलून द्विनेत्री डोळ्याला लावल्यासारखे हात वर करावेत. कोपरे हवेत राहत असतील तर त्या खुर्चीत थरथर राहणारच. उशा बांधून उंची वाढवता येते, पण आधीच उंच हातांची खुर्ची मिळाली तर उत्तम.

७×५० किंवा १०×५० वापरणाऱ्याला एवढे पुरते. माझ्या मते अशा माणसाने वर्षभर तरी बाज आणि आरामखुर्चीखेरीज कशावर पैसे खर्चू नयेत.

यापुढची पायरी काठीची. एकपायी मोनोपॉड, किंवा नुसता झाडूचा लांब दांडा, वर द्विनेत्री बसेल अशी पकड, आणि खालचे टोक खुर्चीत दोन मांड्यांमध्ये किंवा जमिनीवर. काठी डावे-उजवे हलणे थांबवत नाही, पण वजन पूर्ण पेलते, आणि वजन गेले की हाताची थरथर बरीच ओसरते. मोनोपॉडवर पुढे-मागे कलणारे साधे डोके बसवावे. गोळ्याचे, म्हणजे बॉल हेड, टाळावे: द्विनेत्रीचा तोल पुढे असतो, गोळा सैल करताच ती नाक मुरडून खाली पडते. १५×७० साधारण दीड किलोची असते. ती पाऊण तास हातात धरवत नाही, पण आरामखुर्ची आणि मोनोपॉड यांच्या जोडीवर ती आनंदाने वापरता येते. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना बसमध्ये नेता येईल असा याहून चांगला आधार मला माहीत नाही.

ट्रायपॉडबद्दल आत्तापर्यंत नाराजीनेच लिहिले, पण दक्षिण आकाशासाठी तो फार कामाचा आहे. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड गोलाकार तारकागुच्छ पुण्यातून दक्षिणेला फक्त २४ अंशांवर असतो. लंडनच्या आकाशात तो उगवतच नाही. वृश्चिकाच्या शेपटीजवळचा, मूळ नक्षत्रालगतचा मोठा गुच्छ ३७ अंशांच्या आसपास येतो, धनूतला लगून तेजोमेघ ४७ अंशांच्या. हे सगळे ट्रायपॉडमागे उभे राहून, किंवा स्टुलावर बसून, सुखाने पाहण्याचे आहे. पन्नास अंशांपर्यंत ट्रायपॉड, त्याच्यावर बाज किंवा खुर्ची, अशी वाटणी आपल्या अक्षांशाला छान जमते.

ट्रायपॉडला द्विनेत्री जोडायची तर इंग्रजी एल अक्षरासारखा पत्रा लागतो. बहुतेक १०×५० च्या मधल्या बिजागरीवर पुढच्या बाजूला एक छोटे टोपण असते. ते काढले की आत पाव इंची आटे दिसतात, कॅमेऱ्याच्या स्क्रूचेच. हा पत्रा धातूचा आणि जाड घ्यावा. प्लॅस्टिकचा पत्रा झाडाच्या फांदीसारखा लवतो, आणि मग खाली कितीही भक्कम ट्रायपॉड असला तरी तारे डोलत राहतात. ज्या द्विनेत्रीला हे आटे नाहीत, तिला पट्ट्याने बांधायची छोटी फळी वापरावी. ट्रायपॉडचे डोके व्हिडिओसाठीचे, तेल भरलेले असेल तर हालचाल मऊ होते. मधला दांडा शक्यतो वर काढू नये, कारण थरथर तिथूनच येते. पायांच्या मध्ये पाण्याच्या बाटल्यांची पिशवी लटकवली तर फरक पडतो. इमारतीच्या गच्चीवर मात्र एक गोष्ट आपल्या हातात नसते: पाण्याचा पंप चालू झाला किंवा कोणी चालत आले की स्लॅब कापतो आणि ते आकाशात उमटते.

ट्रायपॉडला मोटर हवी का, असे लोक विचारतात. नको. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे तासाला जास्तीत जास्त १५ अंश सरकतात; १०×५० ला साधारण साडेसहा अंशांचे आकाश दिसते. एका कडेला ठेवलेला तारा दुसऱ्या कडेला पोचायला सव्वीसेक मिनिटे लागतात. तेवढ्यात हाताने हलके सरकवले की झाले.

आणि आता माझ्या सर्वांत आवडत्या साधनाकडे येतो: समांतरभुज चौकोनाचा स्टँड. हौशी मंडळी त्याला पॅरललोग्राम म्हणतात. शाळेत शिकलेली भूमिती एवढ्या थेटपणे उपयोगी पडताना मी क्वचितच पाहिली आहे. दोन लांब सारख्या पट्ट्या एकावर एक, समांतर. त्या दोन आखूड उभ्या पट्ट्यांना चार बोल्टांनी जोडलेल्या. एक आखूड पट्टी ट्रायपॉडवर पक्की, दुसरीला द्विनेत्री. लांब पट्ट्या वर-खाली केल्या तरी समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात. त्यामुळे द्विनेत्री फूट-दीड फूट वर किंवा खाली गेली तरी तिचा रोख बदलत नाही. पुष्याच्या गुच्छावर ती एकदा लावली की आजोबा आरामखुर्चीत बसून पाहतात, मग स्टँड खाली ओढून सात वर्षांची नात पाहते, मग उभा राहून बाबा, आणि प्रत्येकाला तोच गुच्छ मधोमध दिसतो. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात ज्यांनी ‘हलवू नका, हलवू नका’ असे ओरडत रात्र काढली आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दुसरा मोठा गुण म्हणजे हाताच्या लांबीमुळे द्विनेत्री ट्रायपॉडच्या पायांपासून दूर येते. तिच्याखाली खुर्ची किंवा बाज सरकवता येते. पाय आडवे येत नाहीत, दांडी छातीत टोचत नाही. माथ्यावरच्या आकाशाची अडचण इथे सुटते. हातांना काम उरते ते फक्त बोटांनी दिशा देण्याचे. दोन्ही हात सोडून नकाशा पाहिला तरी द्विनेत्री जागेवर थांबते.

तोल मात्र सांभाळावा लागतो. द्विनेत्री आणि तिची पकड मिळून दोन किलो, आणि ती मधल्या खिळीपासून ८० सेंटिमीटरवर असेल, तर दुसऱ्या बाजूला ४० सेंटिमीटरवर चार किलो लागतात. वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखे, एवढाच हिशोब; लाकडाचे स्वतःचे वजन धरून थोडे पुढे-मागे करावे लागते. व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्या यासाठी नामी. पण या बेरजेचा परिणाम खालच्या ट्रायपॉडवर होतो: दोन किलोच्या द्विनेत्रीसाठी त्याला आठ-नऊ किलो पेलावे लागतात. फोटोसाठीचा हलका ट्रायपॉड इथे टिकत नाही. जमीन मोजणारे वापरतात तो लाकडी ट्रायपॉड सर्वांत चांगला. मात्र त्याचा मधला स्क्रू कॅमेऱ्याच्या स्क्रूहून बराच जाड असतो, तेव्हा जोड वेगळा बनवून घ्यावा लागतो.

असा स्टँड परदेशातून मागवण्यापेक्षा बनवून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सागवानाच्या चार पट्ट्या किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी नळी, चार बोल्ट, आणि प्रत्येक सांध्यात नायलॉनचे वायसर. सुताराला किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात चित्र काढून दाखवले की पुरते. भोके मात्र दोन्ही लांब पट्ट्या एकत्र बांधून एकदमच पाडावीत, म्हणजे अंतरे तंतोतंत सारखी येतात. इथे दोन मिलिमीटरचा फरक पडला तर चौकोन समांतर राहत नाही आणि वर-खाली करताना तारा निसटतो. सांधे इतके घट्ट हवेत की सोडल्यावर जागेवर थांबावे, इतके सैल की एका बोटाने हलावे. आवरताना आधी चकत्या काढाव्यात आणि मग द्विनेत्री. उलट केले तर वजनाची बाजू धाडकन खाली येते आणि रिकामा हात कोणाच्या तरी हनुवटीवर आदळतो. द्विनेत्रीचा पट्टा नेहमी हाताला अडकवलेला असावा.

आणखी दोन वाटा आहेत, त्या थोडक्यात. एक आरशाची: टेबलावर आरसा ठेवून त्यात खाली वाकून आकाश पाहायचे. मानेला सुख मिळते, पण चित्र उलटे होते, नकाशा जुळत नाही, घरच्या आरशात काचेचे आणि मागच्या मुलाम्याचे असे दोन तारे दिसतात, आणि थंडीत त्यावर दव धरते. दुसरी, थरथर स्वतःच रोखणाऱ्या विजेच्या द्विनेत्रींची. कॅननने १९९० च्या दशकात त्या बाजारात आणल्या. चित्र खरोखर थबकते, पाहणारा थक्क होतो. पण हात आणि मान वरच राहतात, म्हणून खुर्ची तरीही लागतेच. आणि किंमत पाहता ती पहिली खरेदी असू नये.

२०×८० पासून वरच्या द्विनेत्रींसाठी हाताचा विचार सोडून द्यावा. २५×१०० चार किलोंच्या पुढे जाते. तिला जड काट्याचा स्टँड हवा, आणि शक्य असेल तर ४५ किंवा ९० अंशांत वाकवलेल्या नेत्रिका, म्हणजे खमध्य पाहताना मान फार मागे टाकावी लागत नाही. जपानच्या युजी ह्याकुताके यांनी जानेवारी १९९६ मध्ये आपल्या नावाचा धूमकेतू शोधला तो २५×१५० द्विनेत्रीने. इतके वजन स्टँडशिवाय कोणीही वापरू शकत नाही. त्या मापात स्टँड हाच दुर्बिणीचा अर्धा भाग असतो.

स्टँड विकत घेतला असो वा बनवलेला, त्याची परीक्षा पैसे देण्याआधी व्हावी. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला जाऊन इतरांच्या स्टँडवर डोळा लावून पाहावा, आणि तोही डोक्यावरच्या ताऱ्याकडे. दुकानात असाल तर द्विनेत्री लावून दूरच्या मोबाइल टॉवरचे टोक मधोमध आणावे, ट्रायपॉडच्या पायावर बोटाने टकटक करावी, आणि टोक स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजावे. एक-दोन सेकंद ठीक. चार-पाच लागत असतील तर तो स्टँड रात्री वाऱ्यात कामाचा नाही. मग द्विनेत्री सरळ वर वळवून तिच्याखाली बसता येते का, तेही तिथेच पाहावे. ही सगळी चाचणी दुकानाच्या सावलीच्या बाजूला करावी आणि सूर्य ज्या बाजूला असेल तिकडे द्विनेत्री चुकूनही वळू देऊ नये.